नांदूर मध्यमेश्वरचे जलपक्षी व त्यांचें दर्शन

नाताळच्या सुटींत कोठें जावें, हा प्रश्न नाशिकच्या विद्यार्थ्यांस पडण्याचें वास्तविक कारण नाहीं. ज्या सुमारास आपण सुटीचे बेत करीत असतों, त्याच सुमारास हिमालयापलीकडील दूरदूरच्या देशांतून हजारों पाहुणे आपल्या जिल्ह्यांत उतरलेले असतात. त्यांचें बिऱ्हाड निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमापाशीं, नांदूर मध्यमेश्वर येथें असतें. नाशिकपासून हें स्थळ सुमारें ४० किलोमीटर आहे. असें असूनही पंचवटी, पांडवलेणीं व त्र्यंबकेश्वर दहा वेळां पाहिलेल्या कित्येक नाशिककरांनीं तें एकदांही पाहिलेलें नसतें. तेव्हां हें स्थळ कसें निर्माण झालें, तेथें कोणकोणते पक्षी दिसतात, आणि जाणत्या वाटाड्याच्या सोबतीनें ते कसे पाहावे, यांविषयीं थोडी माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. येथील सरोवर निसर्गानें केलेलें नाहीं. तें मनुष्यानें केलेलें आहे, आणि तेंही पक्ष्यांसाठीं नव्हे. सह्याद्रि ओलांडून पूर्वेस येतां येतां पाऊस आपली बहुतेक शिदोरी घाटमाथ्यावरच रिती करतो; निफाड, सिन्नर, येवलें, कोपरगांव या मुलखाच्या वांट्यास उरलेंसुरलें येतें. या कोरड्या मुलखास पाणी पुरवावें म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत संगमापाशीं गोदावरीवर बंधारा घालण्यांत आला. वरच्या अंगास १९१६ सालीं दारणा धरण पुरें झालें, पुढें १९६५ सालीं गंगापूर धरण झालें. या धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानें वाहत खालीं येतें; बंधारा तें अडवितो आणि डाव्या व उजव्या अशा दोन कालव्यांत वळवितो. म्हणजे नांदूर मध्यमेश्वर हा पाण्याचा कोठार नसून पाण्याचा नाका आहे.

परंतु नदी नुसतें पाणी आणीत नाहीं. पावसाळ्यांत गोदामाईचा रंग ज्यानें रामकुंडावर पाहिला असेल, त्यास ती काय घेऊन जात असते हें निराळें सांगावयास नको. बंधाऱ्यापाशीं वेग मंदावला कीं पाण्यांतील माती तळाशीं बसते. अशी शंभरांहून अधिक वर्षें माती बसत गेली. तलाव उथळ झाला, मध्यें मध्यें बेटें वर आलीं, त्यांवर पाणगवत, लव्हाळे व बाभळी माजल्या. कालव्याचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या वहींत ही सारी तूट होय, कारण जितका गाळ अधिक तितकें पाणी उणें. बदकाच्या दृष्टीनें मात्र हीच मिळकत. पाण्यांत शेपूट वर करून व मान बुडवून तळचें खाद्य शोधणारीं बदकें फार खोल पाण्यांत उपाशीं राहतील. लांब टांगांचे शेकाटे व करकोचे तर गुडघाभर पाण्यावरच जगतात. जेथें हातभर पाणी, तेथें एक जात. जेथें वीतभर, तेथें दुसरी. जेथें नुसता चिखल, तेथें तिसरी. मनुष्याच्या योजनेंतील दोषानें पक्ष्यांची सोय व्हावी, हा योग मोठा विलक्षण खरा.

गाळाचा विषय निघालाच आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगून टाकतों. गोदावरीनें येथें गाळ टाकण्याचें काम बंधाऱ्यानंतर आरंभिलें असें नाहीं. याच गांवाजवळील जुन्या गाळाच्या थरांत प्राचीन काळच्या, आतां पृथ्वीवरून नाहींशा झालेल्या एका प्रचंड हत्तीच्या जातीचे अवशेष सांपडले होते, व पिल्ग्रिम या भूगर्भशास्त्रज्ञानें १९०५ सालीं त्यांवर लेख प्रसिद्ध केला. ज्या चिखलांत आज पाणलावा चोच खुपसतो, त्याच्याच पूर्वजांत हत्ती रुतले होते!

या स्थळाची सरकारदरबारीं नोंद होण्यास बराच काळ गेला. १९८६ सालीं सुमारें १०० चौरस किलोमीटरांचा टापू अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १९७१ सालीं इराणांतील रामसर या गांवीं पाणथळ जागांच्या रक्षणाविषयीं राष्ट्राराष्ट्रांत करार झाला होता. त्या कराराच्या यादींत २०१९ सालीं नांदूर मध्यमेश्वरच्या १,४३७ हेक्टर क्षेत्राचा समावेश झाला. महाराष्ट्रांत हा मान मिळविणारें हें पहिलें स्थळ. त्या वेळच्या नोंदींत येथील ५३६ जातींच्या जीवांचा उल्लेख आहे. त्यांत एक नांव नाशिककरांनीं अगत्यानें लक्षांत ठेवावें असें आहे. ‘देवळाली मिनो’ नांवाची एक चिमुकली मासळी आहे. १९३८ सालीं होरा व मिश्रा या शास्त्रज्ञांनीं देवळालीच्या नमुन्यांवरून तिचें वर्णन केलें, व मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाचे प्रेटर यांचें नांव तिच्या शास्त्रीय नामांत घातलें. ती आतां अत्यंत संकटग्रस्त जातींत गणली जाते. लष्करी छावणीमुळें देवळाली सर्वांस ठाऊक. एका माशामुळें ती जगाच्या शास्त्रग्रंथांत गेली आहे, हें किती जणांस ठाऊक असेल?

आतां मुख्य पाहुण्यांकडे वळूं. त्यांत अग्रपूजेचा मान पट्टकादंब हंसाचा. राखी पांढुरका देह, पिवळसर चोच व पाय, आणि पांढऱ्या मस्तकावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे. या पट्ट्यांवरूनच त्यास हें नांव मिळालें. तिबेट, मंगोलिया व लडाख येथील उंचावरच्या सरोवरांकाठीं हा उन्हाळ्यांत वीण करतो, आणि तेथें पाणी गोठूं लागलें कीं हिमालय ओलांडून दक्षिणेकडे येतो. मंगोलियांत गळ्यांत खुणेचे पट्टे घातलेले हंस भारतांत दिसले आहेत, त्यामुळें हा प्रवास कवींची कल्पना नसून मोजलेला आहे. हे हंस एव्हरेस्टच्या माथ्यावरून जातात असें पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलें आढळतें. हंसांच्या अंगावर लहान यंत्रें बसवून शास्त्रज्ञांनीं जेव्हां माप घेतलें, तेव्हां एका हंसाची उंची ७,२०० मीटरांहून अधिक भरली खरी. परंतु बहुतेक उड्डाणें त्याहून पुष्कळ खालीं, दऱ्याडोंगरांच्या चढउतारास धरून झालेलीं दिसलीं. विरळ हवेंत पंख मारीत राहण्याची ताकद या पक्ष्यास येते कोठून? त्याच्या रक्तांतील हिमोग्लोबिन इतर हंसांच्या मानानें प्राणवायु अधिक दृढपणें धरतें, आणि श्वासही तो अधिक खोल घेऊं शकतो. निफाडच्या थंडीनें आपण कुडकुडत असतां हा पाहुणा उबेस आल्यासारखा निवांत दिसतो, यांत नवल नाहीं. महाराष्ट्रांत पुष्कळदां सर्वांत कमी तापमान ज्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांत नोंदलें जातें, तें याच तालुक्यांत असलें तरी तिबेटच्या हिवाळ्यापुढें तें त्याला वसंतऋतूसारखेंच वाटत असावें.

हंसांच्या शेजारीं नारिंगी अंगाचें जोडपें दिसलें तर तें चक्रवाकांचें समजावें. रात्रीं चक्रवाक व चक्रवाकी यांचा वियोग होतो अशी संस्कृत कवींची समजूत आपण वर्गांत वाचतों. शास्त्रास असा शाप ठाऊक नाहीं. चरतांना अंधारांत दूर गेलेलें जोडपें एकमेकांस साद घालतें, त्यावरून ही कल्पना निघाली असावी. याखेरीज तलवार बदकें, थापट्या बदकें व चिमुकलीं तिरंदाज बदकें यांचे थवे असतात. थापट्याची चोच टोंकाशीं पसरट असते. तो पाणी तोंडांत घेऊन कडेच्या गाळणींतून बाहेर सोडतो व अन्नकण आंत ठेवतो. हीच युक्ति रोहित पक्षी आणखी चमत्कारिक रीतीनें करतो. तो मस्तक उलटें करून वांकडी चोच पाण्यांत धरतो, म्हणजे वरचा भाग खालीं व खालचा वर. रोहित दर वर्षीं सारख्या संख्येनें येतील अशी खात्री नसते; पाणी उतरून उथळ चिखल मोकळा झाला असेल, तरच ते मुक्काम करतात.

मला स्वतःला विशेष प्रेम वाटतें तें एका साध्या पक्ष्याविषयीं. काळाकुळकुळीत देह आणि कपाळावर पांढऱ्या गंधाची ठसठशीत खूण! आपल्या लोकांनीं त्याचें नांव ‘वारकरी’ ठेविलें आहे. शेंकडों वारकरी एकत्र जमून पाण्यावर चाललेले पाहिले, म्हणजे ज्या कोणा अनामिक शेतकऱ्यानें हें नांव प्रथम उच्चारिलें त्याच्या रसिकतेचें कौतुक वाटतें. कमळपक्षी हाही येथेंच पाहावा. लांबलचक बोटांमुळें तो तरंगत्या पानांवरून न बुडतां चालतो. यांच्या संसारांत मादी आकारानें मोठी, अंडीं उबविण्याचें व पिलें सांभाळण्याचें काम मात्र नराकडे. उघड्या चोचीचा करकोचा, ज्याच्या दोन चोंचपात्यांत मध्यें फट राहते, तो गोगलगायी शिंपल्यांतून काढून खातो. जांभळी पाणकोंबडी, चमच्या, रंगीत करकोचा, धीवर यांचीं नांवें केवळ उल्लेखून पुढें जातों. नाहींतर लेखाची यादी होईल.

एवढे पक्षी आहेत, मग डोळे उघडे ठेवून गेलें म्हणजे झालें, वाटाड्या कशास हवा, असें कोणी म्हणेल. प्रथमच जाणाऱ्याचा अनुभव याच्या उलट असतो. त्यास दूरवर पाण्यावर काळे ठिपके दिसतात. ते ठिपके बदकें आहेत कीं तरंगतीं झुडपें, हेंही कळत नाहीं. चापडगांव, मांजरगांव, खाणगांव थडी या आसपासच्या गांवांतील तरुण येथें वाटाड्याचें काम करतात. पायांवर उभ्या केलेल्या मोठ्या दुर्बिणीस डोळा लावावयास सांगून ते ठिपक्यांतून एकेक पक्षी निराळा करून दाखवितात. पुस्तकांत पक्ष्याचें चित्र असतें, पण ते आज कोठें बसले आहेत तें नसतें. कालव्यास पाणी सोडलें कीं तलाव उतरतो, सोडणें थांबलें कीं चढतो. त्याबरोबर थवे आज या काठास तर उद्यां त्या काठास जातात. हें ज्ञान गांवच्याच मनुष्यास असावयाचें. चांगला वाटाड्या पक्षी रंगावरून कमी व चालीवरून अधिक ओळखतो. आकाशांत घार दिसली तर शेपटीस खांच आहे कीं नाहीं तें तो प्रथम पाहतो. दलदलीवरून खालच्या खालीं फिरणारी भोवत्या जातीची शिकारी पाखरें आलीं, तर ती तो त्यांच्याकडे न पाहतांच सांगतो, कारण सगळीं बदकें एकदम उडालेलीं असतात.

जाणाऱ्यांसाठीं कांहीं व्यावहारिक सूचना. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा काळ उत्तम. पहांटे निघून सूर्योदयास काठावर असावें, व सूर्य आपल्या पाठीशीं राहील अशी जागा धरावी. सूर्य समोर असला म्हणजे चक्रवाकही काळा आणि वारकरीही काळा! पांढरे व भडक रंगाचे कपडे घालूं नयेत. बोलणें अगदींच बंद नको, पण हात पसरून दाखवूं नये, कारण पक्ष्यास आवाजाहून हालचाल अधिक खटकते. उठविलेला थवा पुन्हां बसेपर्यंत त्याचें चरणें बुडतें, आणि परतीच्या प्रवासासाठीं अंगावर चरबी साठविण्याचे त्याचे दिवस मोजके असतात. छायाचित्राच्या हव्यासानें पुढें पुढें सरकणाऱ्यास वाटाड्या अडवील. त्याचा राग मानूं नये.

अशा रीतीनें जाणत्या मनुष्यासह वन्य प्राणी पाहण्यासाठीं सुटी घालविण्याची प्रथा पाश्चात्य देशांत बरीच रुजली आहे, आणि तिच्या मुळाशीं एका युद्धकैद्याची हकीकत आहे. जॉर्ज वॉटरस्टन हा स्कॉटलंडचा पक्षिप्रेमी १९४१ सालीं क्रीट बेटावर जर्मनांच्या हातीं सांपडला. कैदेंत असतां त्यानें आपल्या एका सोबत्यासह असा बेत रचला कीं, ऑर्कनी व शेटलंड यांच्या मधोमध समुद्रांत असलेल्या फेअर आइल नांवाच्या लहान बेटावर पक्षिनिरीक्षणाचें ठाणें काढावयाचें. १९४८ सालीं त्यानें तें बेट विकत घेतलें व नौदलाच्या जुन्या झोपड्यांत ठाणें उघडलें. तेथें लोक येऊन राहूं लागले, दिवसभर पक्षी पाहूं लागले व रात्रीं नोंदी लिहूं लागले. पुढें त्याच वॉटरस्टननें आणखी धीट प्रयोग केला. मासे मारणारी ऑस्प्रे नांवाची घार ब्रिटनमधून विणीसाठीं नाहींशी झाली होती. १९५४ सालीं स्कॉटलंडांत लॉख गार्टन येथें तिची जोडी पुन्हां घरटें करूं लागली. घरटें कोठें आहे हें गुप्त ठेवण्यांत येत असे. तरीही १९५८ सालीं चोरानें रात्रीं झाडावर चढून अंडीं पळविलीं. तेव्हां वॉटरस्टननें उलट युक्ति केली. १९५९ सालीं त्यानें ती जागा सर्वांस उघड केली, दूर अंतरावर दुर्बिणी मांडल्या, व हजारों लोकांस घरटें दाखविलें. त्या वर्षीं तीन पिलें उडालीं. पाहणारे शेंकडों डोळे हेच पहारेकरी झाले.

हीच ऑस्प्रे घार हिवाळ्यांत नांदूर मध्यमेश्वरासही दिसते. पाण्यावर क्षणभर पंख फडफडवीत स्थिर राहते, मग पाय पुढें करून कोसळते, आणि मासा निसटूं नये म्हणून तो डोकें पुढें अशा रीतीनें पंजांत धरून नेते. स्कॉटलंडच्या घारी पश्चिम आफ्रिकेंत जातात, तेव्हां आपल्याकडे येणाऱ्या त्या नव्हेत, उत्तरेकडील इतर देशांच्या. जात मात्र एकच.

तथापि पक्षी पाहून परत जाणाऱ्यास न दिसणारी एक बाजू या विषयाला आहे, आणि ती सांगितल्यावांचून लेख पुरा करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हंस व क्रौंच दिवसा पाण्यावर विसावतात आणि रात्रीं वा भल्या पहांटे शेतांत उतरतात. हरभऱ्याचे कोंवळे शेंडे व गव्हाचे कोंब यांचा ते समाचार घेतात. ज्याच्या शेतांत ते उतरतात त्यानें त्यांस पाहुणे म्हणावें ही अपेक्षा शहरांतील मनुष्यानें करणें सोपें आहे. स्कॉटलंडच्या बेटांवरही हेंच दुखणें आहे. इस्ले बेटावर ग्रीनलंडहून येणारे हंस गुरांचें गवत फस्त करतात, म्हणून तेथील शेतकऱ्यांस सरकारकडून रक्कम देण्याची व्यवस्था करावी लागली. नॉर्वेहून पिलें आणून १९७५ पासून रम बेटावर सोडलेल्या समुद्री गरुडांची पहिली वीण १९८५ सालीं मल बेटावर यशस्वी झाली, व आज त्यांना पाहावयास येणाऱ्या प्रवाशांवर तेथील कित्येकांचा चरितार्थ चालतो. परंतु मेंढपाळ कोंकरांसाठीं त्याच गरुडांविरुद्ध तक्रार करतात. दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें असूं शकतें, असे जगांत थोडे वाद असतात. हा त्यांतला एक.

याहूनही बिकट प्रश्न पाण्याचा व गाळाचा. गोदावरीस पूर आला कीं बंधाऱ्याच्या वरच्या अंगास असलेल्या सायखेडा व चांदोरी या गांवांत पाणी शिरतें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें तेथील बाजारपेठ पाण्याखालीं गेलेली सर्वांनीं पाहिली. गाळामुळें पात्राची पाणी सामावण्याची शक्ति घटली, तेव्हां गाळ काढावा, ही तेथील रहिवाश्यांची मागणी आहे, आणि ज्याच्या घरांत चिखल भरला त्याची ती मागणी समजण्याजोगी आहे. उलट, सारा गाळ उपसून बेटें नाहींशीं केलीं, तर वर सांगितलेली वीतभर व हातभर पाण्याची सोय संपली. माझ्या मतें येथें सरसकट उपसा हाही मार्ग नव्हे आणि एक टोपलीही हलवूं नये हाही नव्हे. वाहत्या धारेची वाट मोकळी करणें व कडेचीं दलदल व बेटें राखणें हीं दोन कामें परस्परविरोधी नाहींत. मात्र जलसंपदा खातें, वनखातें व गांवकरी यांनीं एका नकाशावर बसून तीं ठरविलीं पाहिजेत. जलपर्णीविषयीं मात्र दुमत असण्याचें कारण नाहीं. शहरांच्या सांडपाण्यावर पोसलेली ही निळ्या फुलांची वनस्पति पाण्यावर सतरंजीसारखी पसरते, खालच्या पाण्यास ऊन व हवा मिळूं देत नाहीं, आणि जेथें ती दाटली तेथें बदकास उतरावयास जागा उरत नाहीं. नाशिक शहर नदीच्या वरच्या अंगास आहे. आपल्या न्हाणीघरांतून निघालेलें पाणी शुद्ध न होतां नदींत गेलें, तर तें याच हंसांच्या अंगणांतून वाहतें.

मार्च लागला, ऊन तापूं लागलें, कीं हंसांचे थवे अस्वस्थ होतात आणि एकेक करून उत्तरेस निघतात. त्यानंतर जाणाऱ्यानें पट्टकादंब भेटेल अशी आशा धरूं नये. जांभळी पाणकोंबडी, धीवर, बगळे व शेकाटे मात्र तेथेंच असतात, आणि पावसाळ्यांत बगळे व पाणकावळे बाभळींवर घरटीं करतात तेव्हां त्यांच्या पिलांचा गलबला ऐकण्यासारखा असतो. त्या दिवसांत प्रवाशांची गर्दी नसल्यामुळें वाटाड्यांनाही सवड असते. विचारणाऱ्याच्या एकेका प्रश्नाला ते शांतपणें उत्तर देतात.